ऑर्किडसाठी पावसाचं पाणी: गोळा कसं करायचं आणि पुढच्या मृगापर्यंत टिकवायचं कसं

टाकी, पन्हाळ, पाइप यांची खरेदी थोडी थांबवा. आधी घरात ऑर्किडला जे पाणी घालता त्याचा टीडीएस मोजा. खिशात मावणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं अवजार नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज तो पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) देतो. नेमके कोणते क्षार आहेत हे तो सांगत नाही, पण निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

आकडा 100 च्या खाली असेल तर पाणी उत्तम आहे. 100 ते 200 मध्येही बहुतेक ऑर्किड छान वाढतात, फक्त महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू देऊन साचलेले क्षार धुवावे लागतात. 200 ते 350 मध्ये डेंड्रोबियम आणि व्हांडा तग धरतात, पण फॅलेनॉप्सिस आणि ऑन्सिडियमच्या पानांची टोकं करपायला लागतात. 400 च्या वर गेलं की पावसाचं पाणी किंवा आरओ, यांपैकी काहीतरी हवंच.

मुंबई आणि पुण्यात धरणातून येणारं महापालिकेचं पाणी बहुतेक वेळा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. तुमच्या नळाला ते वर्षभर येत असेल आणि मीटर 150 च्या खाली दाखवत असेल, तर हा सगळा खटाटोप करू नका. पाण्यातल्या क्लोरीनची काळजी वाटत असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवा, एवढंच. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणीही बरेचदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, तेही ऑर्किडला मानवतं. खाडीजवळच्या मचूळ विहिरींची गोष्ट वेगळी.

खरी अडचण येते ती बोअरवेलवर किंवा टँकरवर चालणाऱ्या घरांत. पुण्याच्या नव्या उपनगरांत, नगर-सोलापूरकडे, मराठवाड्यात, विदर्भाच्या बऱ्याच भागांत बोअरचं पाणी 500 च्या पुढे सहज जातं, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की आणखी वाढतं. म्हणून मोजणी एकदाच करून भागत नाही. पावसाळ्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, अशी दोनदा करा.

जड पाण्याने नेमकं काय होतं

सह्याद्रीत ऐन, जांभूळ, आंबा अशा झाडांवर सीतेची वेणी आणि इतर आमरी (ऑर्किड) वाढतात, तेव्हा त्यांना मिळणारं पाणी म्हणजे सालीवरून ओघळणारा पाऊस. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. या मुळांवर व्हेलामेन नावाचा मृत पेशींचा पांढरा, सच्छिद्र थर असतो. पाणी मिळालं की तो ते क्षणात शोषून धरतो आणि मग आतल्या जिवंत मुळाला हळूहळू देतो. बोअरच्या पाण्यातला चुना याच थरात आणि आजूबाजूच्या कोळशात, सालीत बसतो. पाणी उडून जातं, चुना मागे राहतो आणि दर पाण्यागणिक वाढत जातो. पुढे मुळांची टोकं तपकिरी होतात, पानांची टोकं जळतात. बायकार्बोनेटमुळे पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) वर सरकतो आणि खत घालूनही लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं झाडाला घेता येत नाहीत. म्हणजे खत दिल्यावरही झाड उपाशीच राहतं.

इथे दोन गोष्टी निक्षून सांगायला हव्यात. सोसायटीच्या सॉफ्टनरमधून आलेलं पाणी ऑर्किडला घालू नका. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत, पण झाडाचं नुकसान जास्त होतं. आणि आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी म्हणजे मूळ पाण्यातल्या क्षारांचा दाट अर्क. ते फरशी पुसायला ठेवा.

किती पाणी साठवायचं

हिशेब पावसाळ्याचा करायचा नाही. त्या चार महिन्यांत पाऊस थेट मिळतोच. हिशेब ऑक्टोबर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा करायचा.

12 ते 15 सें.मी.च्या कुंडीला एका वेळी साधारण 250 मि.लि. पाणी लागतं. म्हणजे 20 कुंड्यांना 5 लिटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे 21 आठवडे आठवड्यातून दोनदा पाणी धरलं तर 210 लिटर होतात. मार्च ते जूनची सुरुवात हे 14 आठवडे आठवड्यातून चारदा धरलं तर 280. एकूण 490. खताचं द्रावण, फवारणी आणि टाकीच्या तळाशी राहणारं न वापरण्याजोगं पाणी मिळवून 600 लिटर धरा. कुंडीत नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे असतील तर देशावरच्या उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, मग हाच आकडा 800 च्या पुढे जातो.

टोपलीत उघड्या मुळांनी टांगलेल्या व्हांडाचा हिशेब स्वतंत्र करा. रोज 300 मि.लि. धरले तर 240 दिवसांत एका झाडाला 70 लिटरच्या वर पाणी लागतं. दहा व्हांडा असतील तर त्यांच्यासाठीच वेगळी टाकी हवी.

साठा कमी पडत असेल तर मिसळून वापरा. बोअरचं पाणी 500 पीपीएम आणि पावसाचं 20 असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस मिसळल्यावर साधारण 140 येतं. ते चालण्यासारखं आहे. त्यामुळे 600 लिटरची गरज 450 वर येते, आणि झाडाला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियमही मिळतं. पावसाच्या पाण्यात ते अजिबात नसतं. नवशिक्यांनी शुद्ध पावसाच्या पाण्याचा हट्ट धरण्यापेक्षा याच पद्धतीने सुरुवात करावी असं आमचं मत आहे.

छपराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर. पत्र्यावरून त्यातलं 85–90 टक्के हाती येतं, स्लॅबवरून किंवा कौलांवरून 75–80 टक्के. 3 बाय 4 मीटरच्या पत्र्यावरून दर मि.मी.ला साधारण 10 लिटर मिळतात, म्हणजे 600 लिटरला 60 मि.मी. पाऊस पुरतो. पुण्यात एकट्या जुलैत दीड-पावणेदोनशे मि.मी. पडतो, मुंबईत 800 च्या वर. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागातही गाडीच्या शेडएवढा पत्रा बास होतो. पाणी कमी पडत नाही, त्यामुळे मिळेल तो प्रत्येक थेंब टाकीत घालायची घाई करायचं कारण नाही. घाण पाणी खुशाल सोडून द्या.

कोणत्या छपराचं पाणी घ्यायचं

पाण्याची प्रत ते टाकीत येण्याआधी कशाकशाला लागलं यावर ठरते.

रंगीत, पावडर कोटिंग केलेला पत्रा सर्वांत चांगला. साधा जस्ताचा नवा पत्रा असेल तर पहिल्या पावसाळ्यात त्याचं पाणी घेऊ नका, त्यातून जस्त उतरतं. गंजलेला पत्राही टाळा. मंगलोरी कौलं चालतात, पण शेवाळ धरलेलं असेल तर मे महिन्यात घासून घ्यावीत. सिमेंटचे जुने पत्रे, ज्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यांचं पाणी घेऊ नका. फवारताना त्यातले तंतू हवेत उडतात आणि धोका झाडापेक्षा तुमच्या फुप्फुसांना आहे.

गच्चीच्या स्लॅबबद्दल सावध राहा. कोबा नवा असेल किंवा गच्चीला चुना मारलेला असेल तर त्यातून चुना उतरतो, टीडीएस 80–100 वर जातो आणि पीएच 8 च्या पुढे. वॉटरप्रूफिंगचा डांबरी किंवा रासायनिक थर ताजा असेल तर एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. गच्चीवर कबुतरं बसत असतील तर दुसरी जागा शोधा. विष्ठा पहिल्या सरीत पूर्ण धुऊन जात नाही, ती भिजत राहते आणि दर पावसात थोडी थोडी उतरते. या सगळ्या कारणांसाठी मोठ्या गच्चीपेक्षा 10–12 चौरस मीटरचा एखादा स्वच्छ पत्रा बरा.

समुद्राला लागून असलेल्या घरांत वाऱ्याबरोबर मिठाचा तुषार छपरावर बसतो. तिथे छपरावरून येणारं पाणी मोजल्याशिवाय भरू नका. रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात टीडीएसबरोबर पीएचही बघा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या पुरतात. पीएच 5 च्या खाली येत असेल तर त्या सरीचं पाणी सोडून द्या.

जोडणी

खालचं सामान 12 चौरस मीटरच्या पत्र्यासाठी आणि 500 लिटरच्या टाकीसाठी आहे. 600 पैकी उरलेले 100 लिटर एका वेगळ्या पिंपात ठेवता येतात.

1. पत्र्याच्या कडेला, जिथून पागोळ्या पडतात तिथे, पीव्हीसीची पन्हाळ लावा. दर मीटरला अर्धा ते एक सें.मी. उतार द्या. उतार कमी पडला की पन्हाळीत पाणी साचतं आणि डासांची पहिली पिढी तिथेच निपजते.

2. पन्हाळीच्या तोंडाशी 5 मि.मी.ची जाळी घुमटासारखी वर उचलून बसवा. सपाट बसवली तर पानं चिकटून तोंड बंद होतं आणि सगळं पाणी पन्हाळीवरून बाहेर सांडतं.

3. तिथून 75 मि.मी.चा पाइप खाली आणा आणि टाकीच्या तोंडाच्या थोडं वर 75 चा टी (तीन तोंडांचा सांधा) जोडा. टीची आडवी बाजू टाकीकडे जाईल. सरळ खाली जाणाऱ्या बाजूला 75 ते 110 चा रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा सांधा) आणि त्याखाली 110 मि.मी.चा उभा पाइप लावा. छपराचं पहिलं, घाण पाणी याच पाइपात अडकतं.

4. या उभ्या पाइपची लांबी मोजून ठरवा. छपरावरचे पहिले 2 मि.मी. सोडायचे, म्हणजे 12 चौरस मीटरला 24 लिटर. 110 च्या पाइपमध्ये मीटरला साधारण साडेआठ लिटर मावतात, तेव्हा पावणेतीन मीटर लांबी लागेल. तेवढी उंची नसेल तर 160 मि.मी.चा पाइप घ्या. त्यात मीटरला 18 लिटर बसतात आणि सव्वा ते दीड मीटरमध्ये काम होतं, फक्त रिड्यूसर त्या मापाचे लागतील.

5. उभ्या पाइपात 85–90 मि.मी. व्यासाचा पोकळ प्लास्टिकचा चेंडू टाका. पाइप भरत आला की चेंडू तरंगत वर येतो आणि रिड्यूसरचं 75 चं तोंड बंद करतो. मग स्वच्छ पाणी खालच्या घाणीत न मिसळता आडव्या वाटेने टाकीत जातं.

6. उभ्या पाइपच्या तळाला आट्याचं झाकण लावा, उघडून गाळ काढता आला पाहिजे. तळापासून 10 सें.मी. वर भोक पाडून त्यात ठिबक सिंचनाचा ताशी 8 लिटरचा ड्रिपर बसवा. पाऊस थांबला की हा पाइप आपोआप रिकामा होऊन पुढच्या पावसासाठी तयार होतो. ड्रिपरवरचा आकडा एक बार दाबाचा असतो. इथे अडीच मीटर उंचीला तो ताशी चारेक लिटरच सोडतो आणि पातळी उतरेल तसा आणखी कमी, त्यामुळे पाइप रिकामा व्हायला अर्धा दिवस किंवा त्याहून थोडा जास्त वेळ जातो. नुसतं 3 मि.मी.चं भोक पाडलं तर मिनिटाला दीड-दोन लिटर निसटतात, आणि हलक्या पावसात टाकीत काहीच जात नाही. हा घोटाळा फार ठिकाणी होतो. ड्रिपर गाळाने बंद पडतो, म्हणून आठवड्याला एकदा काढून फुंकून घ्या.

7. टाकी काळी, अपारदर्शक, घट्ट झाकणाची घ्या. आत येणाऱ्या पाइपच्या तोंडाला 1 मि.मी. किंवा त्याहून बारीक स्टीलची जाळी, आणि तिच्यावर दुहेरी मलमल रबराने बांधा. मलमल दर आठवड्याला धुवा.

8. टाकीला तीन तोंडं लागतात. तळाशी गाळ काढायचा नळ. तळापासून 10 सें.मी. वर रोजच्या वापराचा अर्ध्या इंचाचा नळ. वर, झाकणाच्या खाली, जास्तीच्या पाण्याची वाट. ही वाट आत येणाऱ्या पाइपएवढीच, म्हणजे 75 ची ठेवा, नाहीतर जोराच्या पावसात पाणी झाकण उचलून बाहेर येतं. तिच्याही तोंडाला बारीक जाळी हवी. बऱ्याच जणांची आत येणारी बाजू नीट बंद असते आणि डास या वाटेने शिरतात.

9. टाकीखाली 60 सें.मी. उंचीचा विटांचा ओटा बांधा, वरून सपाट, टाकीचा तळ पूर्ण टेकेल असा. नळाखाली झारी बसायला एवढी उंची लागते. त्या उंचीवरून तुषार-नोझल चालणार नाहीत. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, इथे त्याचा अंशही नसतो. फवारणीला हातपंपच वापरा.

वजनाचा विचार टाकी भरण्याआधी करायचा. 500 लिटर म्हणजे अर्धा टन. जमिनीवर काही प्रश्न नाही. गच्चीवर ठेवायची असेल तर खांबावर किंवा तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नाही, आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बाल्कनीत 200 लिटरचं पिंपही ठेवू नका. घरांच्या बाल्कनीचा आराखडा साधारण चौरस मीटरला 300 किलो भार धरून केलेला असतो. भरलेलं पिंप पाव चौरस मीटर जागेत 200 किलो टाकतं. जुन्या इमारतींत सळया गंजलेल्या असतात, तिथे तर विचारच नको.

जुन्या बाजारातून निळं पिंप घेणार असाल तर त्यात आधी काय होतं ते विचारा. आंब्याचा गर, फळांचा रस, खाद्यतेल चालेल. रंग, आम्ल, कीटकनाशक यांचं पिंप कितीही धुतलं तरी नको. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका. निळ्या प्लास्टिकमधून थोडा उजेड आत जातो, म्हणून बाहेरून एक हात काळा रंग आणि त्यावर एक हात पांढरा द्या. काळ्याने उजेड अडतो, पांढऱ्याने पाणी तापत नाही.

कधी भरायचं

वळवाचं पाणी साठवू नका. मृगाच्या सरीही जाऊ द्या. आठ महिन्यांची धूळ, परागकण, पक्ष्यांची घाण या पावसात उतरते आणि हवाही याच काळात धुतली जाते. आर्द्रा संपून पुनर्वसू लागला, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा गेला, की टाकीकडे जाणारी वाट उघडा. पुनर्वसू आणि पुष्याची संततधार सर्वांत स्वच्छ असते. छप्पर रोज धुतलं जात असल्याने टीडीएस 10 ते 30 च्या दरम्यान येतो. याच दिवसांत टाकी काठोकाठ भरून घ्या.

मग ती वाट बंद करा. भरलेल्या टाकीत नवं पाणी येत राहिलं की गाळ ढवळला जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात कुंड्या सज्ज्याखाली असतील आणि थोडं पाणी वापरलं गेलं असेल, तर हस्ताच्या आधी एकदा वर भरून घ्या. परतीच्या पावसात मात्र लक्ष ठेवा. मधले पंधरा दिवस कोरडे गेले असतील तर छपरावर पुन्हा धूळ बसलेली असते, तेव्हा पहिल्या सरीचं पाणी उभ्या पाइपात गेलंच पाहिजे.

भरल्यावर टीडीएस आणि पीएच मोजून टाकीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या आठ महिन्यांत काही बिघडलं तर तुलना करायला हा आकडा लागतो.

डास

डेंगी पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. आपली टाकी मात्र आठ महिने रिकामी करता येत नाही, तेव्हा ती पूर्ण बंद असण्याला पर्याय नाही. झाकणाची फट, जास्तीच्या पाण्याची वाट, हवेचं भोक, पन्हाळीतलं डबकं, झारीत उरलेलं पाणी आणि कुंड्यांखालच्या बशा हे सगळं दर रविवारी बघा.

अळ्या दिसल्याच तर बीटीआय जिवाणूची गोळी किंवा पावडर पाकिटावरच्या प्रमाणात टाका. ती फक्त अळ्यांवर काम करते, ऑर्किडला काही होत नाही. उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, त्यांचं मलमूत्र झाडांना अपाय करत नाही. रॉकेल किंवा तेल ओतू नका, तो थर मुळांवर बसतो. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना टाकी उघडून दाखवा आणि त्यांनी औषध टाकायचं म्हटलं तर त्यासाठी एक वेगळी बादली पुढे करू नका. नियम सगळ्यांच्या जिवासाठी आहे.

गच्ची किंवा पत्रा नसेल तर

फ्लॅटमध्ये सहा-आठ कुंड्या असणाऱ्याला एवढा पसारा लागत नाही. 200 लिटर पुरतात. सोसायटीच्या गच्चीवर 2 बाय दीड मीटरची स्वच्छ ताडपत्री चार कोपऱ्यांना दोरीने ताणून बांधा, मध्ये एक खडा ठेवून खोलगट करा, तिथे छोटं भोक पाडून खाली कॅन ठेवा. 3 चौरस मीटरवर 20 मि.मी. पाऊस पडला तर 50–55 लिटर मिळतात. पाऊस थेट ताडपत्रीवर पडत असल्याने हे पाणी छपराच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं. पहिली दहा मिनिटं कॅन बाजूला ठेवा, नंतर लावा, आणि पाऊस थांबला की ताडपत्री उतरवून ठेवा.

साठवायला 35 किंवा 50 लिटरचे काळे कॅन घ्या, गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा आणि घराच्या भिंतीकडेला, खांबाजवळ वेगवेगळे ठेवा. पिण्याच्या पाण्याचे पारदर्शक 20 लिटरचे जार वापरायचे असतील तर त्यांना काळं कापड किंवा पोतं गुंडाळा, नाहीतर महिन्याभरात पाणी हिरवं होईल.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मऊ असतं, पण ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या धुळकट कॉइलवरून येतं आणि कॉइल साफ करायची रसायनं त्यात उतरतात. ऑर्किडचं मुख्य पाणी म्हणून त्यावर विसंबू नका.

वापरायला सुरुवात करताना

आजवर बोअरचं पाणी घातलेल्या कुंडीत नुसतं पावसाचं पाणी सुरू करून जुने क्षार जात नाहीत. एका कुंडीत तिच्या आकाराच्या दुप्पट पाणी हळूहळू ओता, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तेवढंच ओता. पहिल्याने क्षार विरघळतात, दुसऱ्याने ते वाहून जातात. कोळशावर पांढरा थर जाड असेल तर कोळसाच बदला. टाकीतलं पाणी यासाठी खर्च करायचं नसेल तर जुलैत कुंड्या दोन दिवस उघड्या पावसात ठेवा.

पाणी सकाळी काढा. एप्रिल-मेच्या दुपारी टाकीतलं पाणी मुळांना भाजेल इतकं तापलेलं असतं. उलट नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात पहाटेचं गार पाणी फॅलेनॉप्सिसच्या पानांवर पडलं की आतल्या पेशी फुटून खोलगट डाग पडतात, ते पुन्हा भरत नाहीत. थंडीत बादली आदल्या रात्री घरात आणून ठेवा. फॅलेनॉप्सिसच्या पोग्यात पाणी साचू देऊ नका, साचलं तर कागदाने टिपा.

एकाच बादलीत सगळ्या कुंड्या पाळीपाळीने बुडवणं बंद करा. एका झाडाचा रोग त्या पाण्यातून सगळ्यांना मिळतो. कुंडीखालून निथळलेलं पाणीही टाकीत परत ओतायचं नाही, ते तुळशीला किंवा जास्वंदीला घाला.

आता खत. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतात, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) मध्येही ते नसतात. बोअरच्या पाण्यावर ही उणीव जाणवत नव्हती, आता जाणवेल. मिसळून पाणी वापरत नसाल तर महिन्याचा क्रम असा ठेवा: पहिल्या आठवड्यात 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, दुसऱ्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, तिसऱ्यात 19:19:19 अर्धा ग्रॅम आणि त्यातच मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम, चौथ्यात नुसतं पाणी. कॅल्शियम नायट्रेट इतर दोन्हींबरोबर एका डब्यात कालवू नका. फॉस्फेट आणि सल्फेटशी त्याचा पांढरा साका बनून तळाला बसतो, झाडाला काहीच मिळत नाही आणि फवारणीचं नोझल बंद पडतं. खत नेहमी बादलीत मिसळा, टाकीत कधीच नाही. खताचं पाणी साठवलं की त्यात शेवाळ आणि जिवाणू झपाट्याने वाढतात.

बिघाड ओळखणं

पाणी हिरवट झालं तर टाकीत कुठून तरी उजेड शिरतो आहे. झाकण, नळाचा सांधा, पारदर्शक पाइपचा तुकडा तपासा. हिरवं पाणी विषारी नसतं, पण कुंडीतल्या सालीवर शेवाळाचा थर धरतो आणि हवा खेळत नाही.

कुजकट वास आला तर तळाशी पानं किंवा गाळ साचून पाण्यातला प्राणवायू संपला आहे. तळाचा नळ उघडून 20–30 लिटर सोडा. वरचं पाणी नितळ आणि बिनवासाचं असेल तर ते दोन बादल्यांत उलटसुलट ओतून हवा मिसळा आणि वापरा. सगळ्याच पाण्याला वास असेल तर ते ऑर्किडला नको, बागेतल्या मोठ्या झाडांना द्या. टाकीत उंदीर किंवा पाल मेलेली सापडली तरी हेच करा.

टीडीएस महिन्यामहिन्याने चढत असेल तर टाकी सिमेंटची आहे किंवा झाकण सैल आहे. सिमेंटचा नवा हौद दोन-तीनदा भरून, दरवेळी आठवडाभर ठेवून रिकामा केल्याशिवाय ऑर्किडसाठी वापरू नये, त्यानंतरही पीएच बघत राहावा.

झाडावर दिसणारी लक्षणंही वाचायला शिका. कोवळ्या, नव्या फुटीचं टोक काळं पडून वाळत असेल, विशेषतः कॅटलियात, तर बहुधा कॅल्शियम कमी पडतंय. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम. जुन्या पानांची टोकं तपकिरी होत असतील आणि तुम्ही मिसळून पाणी वापरत असाल, तर मिश्रणाचा टीडीएस पुन्हा मोजा. बोअरचं पाणी उन्हाळ्यात जड होतं, तेव्हा ऑक्टोबरात ठरवलेलं प्रमाण मे महिन्यात चालत नाही.

मे महिन्यातली साफसफाई

टाकी रिकामी झाली की आतून खराट्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने घासा, पाण्याच्या रेषेजवळची भिंत जास्त जोर लावून. एडिसची अंडी तिथेच चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी मिळालं की उबतात. नुसती खळबळून ती निघत नाहीत. मग 100 लिटर पाण्याला 15–20 ग्रॅम ब्लीचिंग पावडर या प्रमाणात टाकी भरून रात्रभर ठेवा. यासाठी बोअरचंच पाणी वापरा. सकाळी तळाच्या नळाने सोडून द्या, दोनदा साध्या पाण्याने धुवा आणि झाकण जाळीने झाकून दोन दिवस वाळू द्या. ब्लीचिंगचं पाणी कोणत्याही झाडाच्या आळ्यात सोडू नका.

त्याच दिवशी पन्हाळ झाडून घ्या, पत्र्यावर झुकलेल्या फांद्या छाटा, उभ्या पाइपचं झाकण उघडून गाळ काढा, चेंडू फुटलेला नाही ना ते बघा, ड्रिपर आणि मलमल बदला. जाळीला बोट घालून बघा. उन्हाने नायलॉनची जाळी दोन वर्षांत ठिसूळ होते आणि फाटलेली लांबून दिसत नाही. टाकीकडे जाणारी वाट बंद करून ठेवा, ती आता जुलैतच उघडायची.